तूरडाळीशेजारी एक बाटली

मला वाईन आवडते. बँकेतून निवृत्त झालेल्या, संकष्टी पाळणाऱ्या, उमरग्यात राहणाऱ्या बाईनं हे पेपरात लिहावं का, यावर आमच्या घरात बराच खल झाला. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘लिहायचंच असेल तर नाव तरी बदल.’ धाकट्या दिरांचं म्हणणं, ‘वहिनी, लिहा बिनधास्त, फक्त फोटो देऊ नका.’ दोघांचंही ऐकून घेतलं. पण २०२२ साली सुपरमार्केटातल्या वाईनवरून महाराष्ट्रात जे रण पेटलं, त्यात शेतकऱ्याच्या वतीनं बोलणारे होते, संस्कृतीच्या वतीनं बोलणारे होते, महसुलाच्या वतीनं बोलणारे होते. स्वतःच्या पैशानं बाटली घेऊन जेवणाबरोबर पिणारं माणूस मात्र त्यात कुठं दिसलं नाही. गिऱ्हाइकाची खुर्ची रिकामीच होती. तिच्यावर मी बसते.

आधी झालं काय ते आठवू. २७ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात एका कपाटापुरती जागा राखून वाईन विकता येईल. शाळा-मंदिरांजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही. नवाब मलिक यांनी शेतकऱ्यांच्या फायद्याचं गणित मांडलं. संजय राऊत यांनी वाईन म्हणजे दारू नव्हे, असं सांगून टाकलं. देवेंद्र फडणवीस यांनी ‘मद्यराष्ट्र’ असा शब्द काढला. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. मग सरकारनं लोकांच्या हरकती-सूचना मागवायचं कबूल केलं, उपोषण स्थगित झालं आणि जूनअखेरीस सरकारच गेलं. कपाट काही लागलं नाही.

राऊतांचं म्हणणं मला पटत नाही. ज्यात १२-१३ टक्के अल्कोहोल आहे ती दारूच. तिला फळांचा रस म्हणून खपवायला गेलं की समोरच्याचा संशय वाढतो, आणि वाढायलाच हवा. दारू आहे हे मान्य करूनच पुढचं बोलू.

उमरगा सोलापूर-हैदराबाद हायवेवर वाढलेलं गाव. चौरस्त्यावर रात्रंदिवस ट्रक, ढाबे, कर्नाटकच्या बसगाड्या. सर्वोच्च न्यायालयानं हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं १ एप्रिल २०१७ पासून बंद करायला लावली, तेव्हा आमच्यासारख्या गावांत हायवे सोडून उरतं काय, असा प्रश्न पडला होता. पुढं नगरपालिका हद्दींना सूट मिळाली. अशा गावातल्या दुकानाचं दृश्य कुणालाही ठाऊक असतं. लोखंडी जाळी, जाळीला हात जाण्यापुरती खिडकी, खिडकीसमोर पंधरा-वीस पुरुष, प्रत्येकाच्या मुठीत घामेजलेली नोट. क्वार्टर, नाईंटी, बिअर. तिथं बाई उभी राहिली की गर्दी दोन पावलं मागं सरते, आणि ते सरकणं काही आदरानं नसतं. त्यामुळं माझ्यासाठी बाटली आणायचं काम नवऱ्याकडं. ते स्वतः पीत नाहीत. परत येताना भेटेल त्याला ‘घरच्यांसाठी घेतली’ म्हणून सांगतात आणि त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तर माझी पहिली मागणी एवढीच की मला तूरडाळ आणि भांड्याचा साबण घेताना, उजेडात, लेबल वाचून, किंमत ताडून बाटली उचलता यावी. जाळीच्या खिडकीतून काही वाचता येत नाही. दुकानदार देईल ती बाटली, सांगेल ती किंमत. चोवीस रुपयांचं बिस्किट आपण उलटून-पालटून तारीख बघून घेतो आणि हजाराच्या घरातली बाटली अंधारात घेतो.

मुलगी-जावई स्टुटगार्टला असतात. तिच्या बाळंतपणाला गेले, तेव्हा कोपऱ्यावरच्या आल्डीतून भाजी-दूध आणायचं काम माझ्याकडं आलं. आल्डी म्हणजे तिकडचं स्वस्ताईचं दुकान. झगमगाट नाही, खोकी फाडून तशीच मांडलेली, पैसे घेणारी बाई बसल्या जागी वीज चमकावी तशी माल सरकवते. पिठाच्या पुढच्या रांगेत वाईन. दोन-तीन युरोपासून सुरू. मी पहिल्यांदा किमतीच बघत उभी राहिले, कारण दह्याच्या डब्यात आणि वाईनच्या बाटलीत इतकं थोडं अंतर मी कधी पाहिलं नव्हतं. स्टुटगार्ट शहराच्या आत, डोंगरउतारावर द्राक्षमळे आहेत आणि तिथली ट्रॉलिंगर नावाची फिकट लाल वाईन गावची म्हणूनच पितात. शेजारची आजी भाकरीसारख्या काळ्या पावाबरोबर ती घ्यायची. पेल्याचा गाजावाजा नाही, वास घेऊन डोळे मिटणं नाही.

आल्डीतली वाईन स्वस्त का, हे मी बँकवालीच्या सवयीनं शोधलं. या दुकानाची सुरुवात १९१३ मध्ये एसेन शहरात आल्ब्रेख्त कुटुंबाच्या छोट्या किराणा दुकानातून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या भावांनी धंदा वाढवला, आणि सिगारेट ठेवायची की नाही यावरून भांडून १९६० च्या सुमारास वाटणी केली. एकाकडं उत्तर, एकाकडं दक्षिण. कुठला माल फळीवर ठेवावा, यावरून घरं फुटायची रीत फक्त आपल्याकडंच नाही, हे वाचून बरं वाटलं. त्यांचं गणित साधं. माल मोजका, खरेदी प्रचंड, स्वतःच्या नावाची लेबलं, जाहिरातीवर आणि सजावटीवर खर्च कमी. आपल्याकडं डी-मार्टनं पवईत २००२ मध्ये पहिलं दुकान उघडून जवळपास हाच धडा गिरवला, फक्त फळीवर वाईन नाही. दुसरं कारण कराचं. जर्मनीत साध्या वाईनवर उत्पादन शुल्क शून्य आहे. फेसाळणाऱ्या वाईनवर मात्र आहे. कैसरच्या आरमारासाठी तो कर १९०२ मध्ये लावला, दोन महायुद्धांत आरमार बुडालं, कर मधली काही वर्षं वगळता अजून चालू आहे. सरकार जर्मन असो की मराठी, लावलेला कर काढताना हात कापतोच.

आता कुणी म्हणेल, स्वस्त वाईन म्हणजे पाणीच. अमेरिकेत आल्डीच्याच एका शाखेच्या मालकीच्या ट्रेडर जोज दुकानांनी २००२ मध्ये चार्ल्स शॉ नावाची वाईन १ डॉलर ९९ सेंटला आणली. लोक तिला ‘टू बक चक’ म्हणू लागले. कॅलिफोर्नियाच्या २००७ च्या राज्य जत्रेत, लेबल झाकून चव घेतल्यावर परीक्षकांनी राज्यातली सर्वोत्तम शार्डने म्हणून तिचीच निवड केली. महागड्या बाटल्यांचे मालक किती खवळले असतील! त्या वाईनची प्रत्येक बाटली तशीच निघते, असं मी म्हणत नाही. झाकल्या लेबलापुढं किंमत बोलत नाही, इतकंच.

आपल्याकडची बरी वाईन हजाराच्या आतबाहेर जाते. यात कर किती? महाराष्ट्रात वाईनवर २० टक्के व्हॅट आहे, आणि राज्यात तयार झालेल्या वाईनसाठी त्यातला १६ टक्के वायनरींना परत देण्याची योजना आहे. मध्यंतरी ती बंद होती, २०२४ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं पुन्हा पाच वर्षांसाठी चालू केली. उद्योग जगावा म्हणून ते असेल, माझी हरकत नाही. पण हा परतावा गिऱ्हाइकाच्या पावतीवर कुठं दिसत नाही. पाचशे-सहाशेची चांगली बाटली त्यातून का निघू नये, हे कुणी मंत्र्यांना विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

सगळ्यात जोरात मांडला जातो तो आक्षेप व्यसनाचा. तो मी हसण्यावारी नेणार नाही. बँकेत असताना पीककर्जाच्या रांगेत सकाळी अकरालाच वास येणारे कितीतरी बघितले, आणि त्यांच्या मागं उभ्या राहून सहीसाठी थांबलेल्या त्यांच्या बायकाही बघितल्या. पण हिशेब तर करू. जून २०२५ मध्ये सरकारनं विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि कमीत कमी किमती ठरवल्या. १८० मिलीला देशी ८० रुपये, धान्यापासून बनणारं नवं ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८, विदेशी २०५. विदेशीच्या एका क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांनी साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ७५० मिलीच्या वाईनच्या अख्ख्या बाटलीत साडेबारा टक्क्यांनी ९४ मिली. म्हणजे ज्याला चढायला हवी त्यानं २०५ रुपयांचं काम नऊशे रुपयांत का करावं? व्यसनी माणसाला हे गणित तुमच्या-माझ्याआधी कळतं. स्वस्त, गोड पोर्ट वाईनच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद तितका टिकत नाही, ती निम्म्याहून कमी पैशात मिळते. म्हणून माझं म्हणणं आहे की पोर्ट त्या कपाटात ठेवूच नका, ती जाळीमागंच राहू दे.

आणखी एक. १४८ रुपयांची धान्याची दारू सरकारनंच नवा वर्ग काढून बाजारात आणायचं ठरवलं, तेव्हा १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद राहिले, ते करवाढीविरुद्ध. संस्कृती बुडाली म्हणून कुणी उपोषणाचं पत्र दिल्याचं मी तरी वाचलं नाही. संस्कृती २०२२ मध्ये जेवढी नाजूक होती तेवढी २०२५ मध्ये उरली नसावी.

संस्कृतीचं म्हणाल तर आमच्या गावापासून तासाभरावर, सीमेपलीकडं, बसवकल्याण आहे. तिथल्या चालुक्यांच्या गादीवर बसलेल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ केला. राजवाड्यातलं जेवण, कपडे, खेळ यांच्याबरोबर मद्यपानाच्या क्रीडेचंही त्यात प्रकरण आहे, आणि द्राक्षांपासून, उसापासून, ताडामाडापासून आंबवलेल्या पेयांची माहिती आहे. त्याच गावात, त्याच शतकात बसवेश्वर झाले, ज्यांना मानणाऱ्या माझ्या कितीतरी शेजाऱ्यांच्या घरात दारूचा थेंब चालत नाही. दोन्ही आमचंच आहे. मला शेजाऱ्यांच्या घरात बाटली न्यायची नाही, त्यांनी माझ्या पिशवीत डोकावू नये.

शेतकऱ्याचं नाव मात्र या वादातून काढा, ही माझी कळकळीची विनंती. आमच्या तालुक्यात सोयाबीन, तूर आणि ऊस. जिल्ह्यात द्राक्षं आहेत ती तुळजापूर तालुक्यात, काटी-सावरगावच्या पट्ट्यात, आणि शेजारी सोलापूर जिल्ह्यात. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून सोनाका ही लांबट मण्यांची जात निवडून काढली, तिचं नाव सगळीकडं झालं. पण ही सगळी खायची द्राक्षं, नाहीतर बेदाण्याची. वाईनची द्राक्षं वेगळी. मणी बारीक, साल जाड, बी मोठी, खाऊन मजा नाही. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने. ती वायनरीच्या करारावर लावायची आणि करार मोडला तर बाजारात कुणी विचारत नाही. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर विंचूर आणि पलूसला वाईन पार्क निघाले, नाशिककडं बागा वाढल्या. आणि २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांचा माल पडून राहिला तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी उभ्या वेली उपटल्या. आमच्या प्रशिक्षणात हे उदाहरण साहेब लोक कर्जवसुलीच्या तासाला सांगायचे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीची वायनरी २००७ पासून उभी आहे, मोहिते-पाटील आणि इटालियन बंधू यांच्या भागीदारीत. ती आमच्या बाजूची सगळ्यात जवळची. तिच्याभोवतीच्या मळ्यांना सुपरमार्केटाचा फायदा झाला असता, कबूल. पण काटीच्या सोनाकावाल्याला त्या कपाटातून एक रुपया मिळणार नव्हता. त्याचा फोटो दाखवून निर्णय विकायला नको होता.

आता माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला पैशाचं मोल मिळायचं असेल तर खरी अडचण कुठं आहे ते सांगते. अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२ च्या वर जातो. वाईन पस्तिशीच्या पुढं काही दिवस राहिली की शिजते. फळाचा वास जातो, शिजवलेल्या मनुकांचा येतो, पांढरी वाईन तपकिरीकडं झुकते. एका दुकानात शोकेसच्या काचेत, पश्चिमेच्या उन्हात उभी केलेली बाटली बघितली होती. लेबलाचा लाल रंग फिका पडून गुलाबी झालेला, वर धुळीचा थर, भरल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची. किंमत छापली तेवढीच. ती साडेआठशेची बाटली फुकट दिली तरी महाग पडली असती.

म्हणून सध्या सोलापूरला जाणं झालं की थंड कपाट असलेल्या दुकानातून घेते, आणि घेताना आधी मागची बाजू बघते. आपल्याकडं द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. पांढरी वाईन ताजी प्यायची असते, वर्ष-दीड वर्षाच्या आतली बघायची. बूच नको, फिरकीचं झाकण बरं. बुचाला आडवी बाटली आणि एकसारखा गारवा लागतो, तो इथं कुठून आणणार? काही लोकांना फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल वाटतो, त्यांना वाटू दे. भारतीय वाईनमध्ये कमी पैशात सगळ्यात भरवशाची मला शेनिन ब्लाँ वाटते. थोडी गोडसर, आंबटपणा पुरेसा. येसराच्या झणझणीत रश्श्याबरोबर लाल वाईन घेतली की तिचा तुरटपणा आणि तिखट एकमेकांच्या अंगावर जातात आणि तोंड कडू होतं. तिथं गार शेनिन चालते. आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ घेऊन बघाच. पहिल्या घोटाला तिच्या आंबटपणानं लोक दचकतात. पण वेळअमावस्येला शेतात गाडग्यातली, लसणाची फोडणी दिलेली आंबील ज्यांनी लहानपणापासून प्यायली आहे, त्यांच्या जिभेनं आंबटाला का घाबरावं?

माणशी एक पेला लागतो तिथं ७५० मिलीची बाटली उघडणं हा अजून एक तोटा. उघडल्यावर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, पुढं चव उतरते. ३७५ मिलीची अर्धी बाटली, वाईनचा कॅन, असे प्रकार आपल्याकडच्या वायनऱ्या करतात, पण आमच्या बाजूला पोचत नाहीत. कॅनवर सूर्यप्रकाशाचा परिणाम नाही, फुटत नाही, उरत नाही. दिसायला मिरवण्यासारखा नाही, एवढंच.

दारूबंदीसाठी लढलेल्या बायकांना मी काय सांगणार? महाराष्ट्रात २००८ पासूनच्या नियमानं वॉर्डातल्या किंवा गावातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायकांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला की दुकान बंद होतं. हा नियम मला फार आवडतो, आणि त्यात माझं मत आडव्या बाटलीलाच पडलं असतं, असे काही गुत्ते मी बघितले आहेत. सुपरमार्केटातल्या कपाटालाही हाच नियम लावा. वेगळी मतपत्रिका ठेवा. देशीचं दुकान नको पण कपाट चालेल, असं म्हणायची सोय बायकांना मिळू दे. कपाटही नको म्हणाल्या तर नको. मी पहिल्यासारखी नवऱ्याला पाठवीन. पण हे मंत्र्यानं, संपादकानं किंवा उपोषणकर्त्यानं ठरवण्यापेक्षा रोज किराणा भरणाऱ्यांनी ठरवलेलं बरं. आणि एकवीस वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा काउंटरवर बघायचाच, तो नियम जाळीच्या खिडकीत कुणी पाळताना मला दिसलेला नाही.

मुळात २०२२ चा निर्णय लागू झाला असता तरी उमरग्याला फार मिळालं नसतं. हजार चौरस फुटांची अट पुण्या-मुंबईच्या मापानं काढलेली. आमची बहुतेक किराणा दुकानं दीड-दोनशे फुटांची, पोती दाराबाहेर आलेली. फुटांऐवजी फ्रीजची अट घाला. ज्याच्याकडं थंड कपाट, ज्याच्या बिलावर भरल्याची तारीख छापलेली, त्याला परवाना. आमच्या नेहमीच्या किराणावाल्याला मी हे ऐकवलं. त्यानं दोन गोष्टी विचारल्या. एक, ‘मॅडम, आमच्या आईला काय सांगू?’ त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. दुसरी, ‘फ्रीज कोण देणार?’ दुकानात एक फ्रीज आहे, पण तो कोल्ड्रिंकवाल्या कंपनीचा आणि त्यात दुसऱ्याचा माल ठेवायला त्यांची मनाई. मी म्हटलं, कोल्ड्रिंकवाले देतात तर वाईनवाल्यांनी का देऊ नये? २० टक्क्यांतले १६ परत मिळतात त्यांना. त्यानं पाटीवर हिशेब मांडला, महिन्याचं लाइटबिल धरलं, उन्हाळ्याचे चार महिने वेगळे धरले, आणि म्हणाला, कंपनीनं फ्रीज आणि निम्मं बिल दिलं तर महिन्याला बारा बाटल्या खपल्या तरी परवडेल, नाहीतर त्या जागेत पापडाची बरणी बरी.